पान माझं, रंगही माझे

(पेण आणि रोहा तालुक्यांतल्या कार्यकर्त्या, बचत गटांतल्या स्त्रिया आणि गणपतीच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मैत्रिणी यांच्यासाठी पेणला घेतलेल्या शिबिरातील भाषण.)



रोह्याच्या मैत्रिणींची गाडी नागोठण्याला अडकली, म्हणून सुरुवात उशिरा होते आहे. पण तो वेळ वाया गेला नाही. तोवर पेणच्या बायकांनी आपापल्या वेबसाइट भिंतीवर दाखवल्या. ‘संकेतस्थळ’ असा एक छान शब्द आहे, पण इथे कुणी तो उच्चारलेला मी ऐकला नाही, तेव्हा मीही वेबसाइटच म्हणते.

त्या बघताना मला काय दिसलं ते सांगते. बहुतेक सगळ्या गुलाबी. फिकट गुलाबी, त्यावर पांढरी अक्षरं, कडेला फुलांची वेल. वर एकामागून एक सरकणारे फोटो. आत पोह्याचे पापड, शिवणकाम, शिकवण्या, मूर्तींचं रंगकाम, कामं किती वेगवेगळी! पण चेहरा सगळ्यांचा एकच. आणि तो चेहरा आपल्यापैकी कुणाचाच नाही.

हमरापूरच्या एका ताईंची वेबसाइट त्यांच्या पुतण्यानं केली आहे. मुलगा गुणी आहे, हौसेनं केलीय. ताई गेली कित्येक वर्षं मूर्ती रंगवतात. अंगाचा रंग, पितांबर, शेला, दागिने आणि शेवटी डोळ्यांची आखणी, म्हणजे सगळ्यात अवघड काम. वेबसाइटवर सासऱ्यांचं नाव आहे, नवऱ्याचा फोटो आहे, ‘आमचे कुशल कारागीर’ असा एक शब्दप्रयोग आहे. ताई शांतपणे सगळं बघत होत्या. मग म्हणाल्या, “सगला झ्याक हाय, पन ह्यात मी कुठं हाय?”

मी कागदावर दहा मुद्दे लिहून आणले होते. ते आता बाजूला ठेवते. ताईंचा प्रश्न हाच आजचा विषय.

आधी माझी स्वतःची चूक सांगायला हवी, नाहीतर शहाणपणा शिकवल्यासारखं होईल. माझी पहिली वेबसाइट मी एका दुकानातून करून घेतली होती. मी फक्त मजकूर दिला. ‘बाकी तुम्हांला योग्य वाटेल ते करा,’ असं म्हणाले. भाषणात ‘निर्णय आपण घ्यायचे’ असं घसा कोरडा होईपर्यंत सांगणारी मी! त्यांना योग्य वाटलं ते त्यांनी केलं. पदर डोक्यावर घेतलेल्या बाईचं चित्र, पणती, चमचमणारी अक्षरं आणि किती जणांनी पान बघितलं ते मोजणारा आकडा. स्त्रियांवरच्या हिंसेबद्दलचा माझा लेख त्या पणतीखाली छापलेला होता. दोन वर्षं तो तसाच होता आणि मला त्यात काही खटकलं नाही, याची आज लाज वाटते.

आता कुणी म्हणेल, बाई, रंगरूपाचं काय एवढं? मजकूर महत्त्वाचा. चळवळीतल्या माणसांना हे बोलायची सवयच असते. पण आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आठवा. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथल्या परिषदेच्या वेळी बाबासाहेब आंबेडकर जमलेल्या स्त्रियांशी बोलले. लुगडं कसं नेसायचं, जात ओळखू यावी म्हणून अंगावर आलेले दागिने का टाकायचे, हेही त्यांनी सांगितलं. आणि बायकांनी ते केलं. तुम्ही कसं दिसायचं हे दुसऱ्यानं ठरवलेलं असतं तेव्हा ते बदलणं हे वरवरचं काम नसतं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे १९८९ सालचं पुस्तक ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं.

रंगांचंही तसंच. इंग्लंडमध्ये मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांनी १९०८ साली जांभळा, पांढरा आणि हिरवा असे तीन रंग ठरवून घेतले. फिती, झेंडे, टोप्या सगळं त्या तीन रंगांत. गर्दीत लांबूनही कळायचं की ह्या त्या बायका. ८ मार्चला आपण जांभळं नेसतो, तोही त्यातलाच धागा. निळा रंग दिसला की आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागतं का? आणि गुलाबी बायकांचा, हे कुठल्या बाईनं ठरवलं? मला गुलाबी रंगाचं वावडं नाही. ज्या बाईनं तो स्वतः निवडला तिनं खुशाल ठेवावा, आणि ठेवायचा तर राणी रंग ठेवावा, धुऊन विटल्यासारखा नको.

ठसठशीत रंग म्हटलं की बायका घाबरतात. भडक दिसेल, लोक हसतील. ‘भडक’ हा शब्द आपल्या कपड्यांना लावतात, हसण्याला लावतात, आता वेबसाइटलाही! पण पेणच्या बाईला रंग मी काय शिकवणार? दुपारी हमरापूरच्या ताईंना मी विचारलं, मूर्तीवर एवढे जोरकस रंग असतात, तरी बघणाऱ्याची नजर आधी डोळ्यांवरच का जाते? त्या म्हणाल्या, कारण कपाळ मोकळं असतं. सोंडेवरही आम्ही फार काही करत नाही. डोळ्यांभोवती जागा सोडावी लागते. पितांबराचा पिवळा एकसलग हवा, त्यात नक्षी घुसवली की मेला.

वेबसाइटच्या मांडणीबद्दल मोठमोठी पुस्तकं जे सांगतात, ते ताईंनी एका वाक्यात सांगितलं. रंग जोरदार हवा असेल तर मांडणी साधी हवी. गडद रंगाच्या पाच पट्ट्या, त्यात वेल, त्यात हलणारे फोटो, असं केलं की ते भडक. एकच कुंकवासारखा लाल, मोठा, सलग, त्यावर पांढऱ्या ठळक अक्षरांत तुमचं नाव आणि खाली भरपूर मोकळी जागा, तर ते ठसठशीत. दोन रंग पुरतात. तिसरा फक्त अशा ठिकाणी, जिथे माणसानं बोट लावायचं आहे.

हे रंग कुठून घ्यायचे? पुस्तकातून नकोत. पापड करणाऱ्या वहिनींनी आपल्या तिखटाचा आणि जिऱ्याचा रंग घ्यावा. रोह्याच्या शिवणकामवाल्या मैत्रिणीनं आत्ताच सांगितलं की तिला पहिल्या मशीनचा काळा आणि त्यावरच्या अक्षरांचा सोनेरी हवा. घ्या की! त्या वस्तूचा फोटो काढला की त्यातला रंग मोबाइलवर उचलता येतो. प्रत्येक रंगाला सहा चिन्हांचा एक क्रमांक असतो. काळा म्हणजे सहा शून्यं, पांढरा म्हणजे सहा वेळा एफ. तुमच्या लालचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. उद्या पाटी रंगवली, पाकीट छापलं, तरी तोच लाल मागायचा. छापताना थोडा फरक पडतो, पण नमुना तर हातात राहतो.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं, लालवर हिरवी अक्षरं, हे चालत नाही. पुरुषांमध्ये साधारण बारातल्या एकाला काही रंगांतला फरक नीट दिसत नाही, बायकांमध्ये हे प्रमाण दोनशेत एक इतकं कमी आहे. मग आपल्या पोस्टरवर लालवर हिरवं कोण लिहितं ते मला आत्ता कळलं! अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडातला फरक किमान साडेचारास एक असावा, असा वेबसाठी मान्य झालेला दंडक आहे. तो मोजणारी साधनं फुकट मिळतात. पण त्याहून सोपी परीक्षा म्हणजे पानाचा फोटो काळा-पांढरा करून बघा, अक्षरं वाचता आली पाहिजेत. आणि अंगणात जा. पापड वाळत घालताना, भर उन्हात, ओल्या हातानं फोन धरून आपली गिऱ्हाइकं आणि आपल्या मैत्रिणी वाचत असतात. उन्हात जे वाचता येत नाही ते ठेवू नका.

मराठी अक्षरांना वर मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं. ते नसलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला अडकतो. मजकूर युनिकोडमध्येच असू द्या. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले आपले कितीतरी अहवाल आज उघडले तर निव्वळ चिन्हांची खिचडी दिसते. आणि मजकुराचं चित्र करून कधी लावू नका. दृष्टिहीन मैत्रिणीचा फोन ते नीट वाचून दाखवेलच असं नाही. फोटो लहान करून घाला. मोबाइलचा फोटो तीन-चार एमबीचा असतो, तो शे-दोनशे केबीत सहज बसतो. सुधागडच्या बाजूच्या वाडीवर जिथे सिग्नलची एकच काडी येते, तिथली बाईही आपलं पान उघडणार आहे. एका खाली एक, सरळ ओळीत मांडा. फोनवर तसंही तेच उरतं.

आता नाव. पानावर पहिली ओळ काय? ‘सुस्वागतम्’ नको. तुमचं नाव आणि तुम्ही काय करता ते. पूर्ण नाव कसं लिहायचं ते तुम्ही ठरवा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनानं ठरवला आहे. आईचं नाव कागदावर यायला इतकी वर्षं लागली. पण तुमच्या पानासाठी कुठल्याही शासननिर्णयाची वाट बघावी लागत नाही. नुसतं ‘अमकी, मूर्ती रंगवते’ एवढंही पुरे.

पण थांबा. नाव पानावर आलं म्हणजे पान तुमच्या नावावर झालं, असं नाही! घराच्या पाटीवर नाव असतं म्हणून घर बाईचं असतं का? शेतकरी संघटनेनं १९९०च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, तेव्हा गावोगाव हाच प्रश्न होता की सातबारावर कोण आहे? वेबसाइटलाही सातबारा असतो. तिचा पत्ता, ज्याला डोमेन म्हणतात, तो कुणाच्या तरी नावानं, कुणाच्या तरी ईमेलवर नोंदलेला असतो आणि ठरलेल्या मुदतीला पैसे भरून चालू ठेवावा लागतो.

रोह्याच्या एका मैत्रिणीनं मला परवानगी दिली आहे म्हणून सांगते. तिच्या शिकवणीची वेबसाइट नवऱ्याच्या ईमेलवर नोंदलेली होती. ती वेगळी राहायला लागली त्या आठवड्यात तिच्या पानावर दुसऱ्याच क्लासची जाहिरात दिसायला लागली. सहा वर्षांत पालकांनी लिहिलेलं सगळं गेलं. मजकुराची एक प्रतही तिच्याकडे नव्हती. तिनं नव्या पत्त्यावर परत सुरुवात केली. आज ती मागच्या रांगेत बसली आहे आणि तिचं नवं पान गडद निळं आणि पांढरं आहे.

म्हणून आज घरी गेल्यावर विचारा की नोंद कुणाच्या नावावर आहे, ईमेल कुणाचा, पासवर्ड कुणाकडे, मुदत कधी संपते. पुतण्यावर संशय घ्या असं मी म्हणत नाही. त्यानं मदत जरूर करावी. पण किल्ली आपल्या कमरेला हवी. आणि मजकूर, फोटो यांची प्रत आपल्याजवळ हवी. १९९४ साली सुरू झालेल्या जिओसिटीज नावाच्या ठिकाणी जगभरातल्या लोकांनी फुकट घरगुती पानं थाटली होती. २००९मध्ये कंपनीनं ते बंद केलं. काही लोकांनी धावाधाव करून जमेल तेवढं उतरवून ठेवलं, बाकी गेलं. आज फुकट मिळणाऱ्या जागांचं वेगळं काही होईल असं मानायला कारण नाही.

एक शेवटचा मुद्दा, चहा आलाच आहे. साधी मांडणी म्हणजे काय काय काढायचं, हेही आहे. घराचा पूर्ण पत्ता काढा. मुलांचे शाळेच्या गणवेशातले फोटो काढा. घरचा फोन नंबर काढा, कामासाठी वेगळा नंबर घ्या किंवा गटाचा नंबर द्या. रात्री-बेरात्री येणारे फोन ज्यांनी सोसले आहेत त्यांना मी कारण सांगायला नको. नाव ठळक आणि पत्ता मोघम, यात विसंगती नाही. दार कधी आणि कुणासाठी उघडायचं ते आपण ठरवतो, एवढंच.

चहानंतर मोबाइल आणि वह्या घेऊन तिघी-तिघींचे गट करून बसा. हमरापूरच्या ताईंचं पान आपण सगळ्यांदेखत पहिल्यांदा करू. ताईंनी रंग सांगितलाय, शेंदरी. पुतण्या बाहेर मोटारसायकलपाशी उभा आहे, त्यालाही आत बोलवा, पासवर्ड त्याच्याकडेच आहे.