व्हॉल्व्हचा सूर आणि गणिताचा सूर



कामगार चळवळीत उभा जन्म घालवलेल्या माणसाने गिटारच्या ॲम्प्लिफायरवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. आमचे शिक्षण शाळेपेक्षा वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर अधिक झाले. संगीत आम्हांला कळते असा आमचा दावा नाही. परंतु मागे डोंबिवलीच्या एका सहकाऱ्याने आम्हांला विचारले, "दादा, पोराकडे त्याच्या मामाचा जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आहे. तो विकून पिशवीत मावणारे डिजिटल यंत्र घेतो म्हणतो. घेऊ द्यावे का?" प्रश्न साधा होता, पण त्याचा शोध घेता घेता आम्ही आमच्याच जुन्या प्रश्नापाशी येऊन ठेपलो. माणसाच्या हातचे कसब यंत्राने उचलले, तर त्या हातांचे काय?

ठाणेकरांना व्हॉल्व्ह परका नाही. मर्फी रेडिओचा कारखाना ठाण्यालाच होता. त्या काळच्या रेडिओचा कान पिळला, तरी आवाज लगेच येत नसे. आधी मागच्या जाळीतून तांबूस उजेड दिसे, मग गाणे. तो उजेड व्हॉल्व्हचा. काचेच्या निर्वात नळीत तापलेल्या तुकड्यातून विद्युत्कण निघून समोरच्या पत्र्याकडे धावतात. फ्लेमिंगने १९०४ साली अशी नळी केली. १९०६ साली डी फॉरेस्टने मध्ये एक जाळी बसवली. कालव्याचा दरवाजा बोटभर हलवला की पाणी हातभर चढते-उतरते, तसे त्या जाळीवरच्या इवल्याशा संदेशाने मोठा प्रवाह हलतो. क्षीण आवाज मोठा होतो, तो असा.

आता गंमत पाहा. रेडिओवाल्याला आवाज स्वच्छ हवा होता, गिटारवाल्याला तो फाटलेला आवडला! व्हॉल्व्हवर ताकदीबाहेर भार टाकला, तर तो एकदम तुटत नाही. लाटेचे शेंडे हळूहळू दबतात, मूळ सुरात नवे उपसूर मिसळतात आणि आवाज भरदार होतो. साधा ट्रान्झिस्टर भार असह्य झाला की शेंडा कापून टाकतो. फाटकावरच्या सभेत वक्ता चढला की कर्णा कसा खरखरतो, हे आमच्याइतके कोणास ठाऊक!

डिजिटल यंत्र काय करते? गिटारचा संदेश ते सेकंदाला साधारण ४८,००० वेळा मोजते आणि प्रत्येक मापावर गणित करते. ते गणित दोन रीतींनी बसवतात. पहिल्या रीतीत ॲम्प्लिफायरच्या आतील एकेका भागाची समीकरणे मांडतात. दुसऱ्या रीतीत अस्सल ॲम्प्लिफायरमध्ये ठरावीक आवाज सोडून बाहेर काय येते ते टिपतात आणि त्यावरून यंत्राला शिकवतात. अमेरिकेत १९९८ साली 'पॉड' निघाला. जर्मनीत २०११ साली केम्परने दुसऱ्या रीतीचे यंत्र विक्रीस आणले. ही दुसरी रीत ऐकली, तेव्हा आम्हांला कारखान्यातला घड्याळवाला आठवला. तोही कुशल कामगाराजवळ उभा राहून त्याचा हात मोजतो आणि कागद घेऊन निघून जातो.

तरी ऐकीव गोष्टीवर निवाडा करू नये. आम्ही संघटनेच्या कार्यालयात एका रविवारी पडदा लावला. मुलाने दोन्हींचा आवाज एकाच स्पीकरमधून काढला. आम्ही बाराजण ऐकत होतो. खरे सांगतो, कोणालाही खात्रीने ओळखता आले नाही. मुलगा मात्र म्हणाला, "कानात यंत्र लावून वाजवले की फरक कळतो. मोठा स्पीकर हवा हलवतो, तारही थरथरते, ते बोटांना जाणवते." म्हणजे त्याला जो फरक जाणवत होता, त्यातला बराचसा व्हॉल्व्हचा नसून स्पीकरचा होता.

मग यंत्राला नाके का मुरडावी? फेंडरचा 'ट्विन रिव्हर्ब' सुमारे २९ किलो भरतो. तो घेऊन सकाळी डोंबिवलीहून लोकल पकडून दाखवा! व्हॉल्व्हचा खरा सूर आवाज चढवल्यावर लागतो, आणि चाळीत भिंतीपलीकडे कुणाचे तान्हे मूल निजलेले असते. कामगाराच्या पोराला हा सूर प्रथम परवडला तो यंत्रामुळे. पाठीवरचे ओझे उतरवणाऱ्या यंत्राला आमचा विरोध कधीच नव्हता.

परंतु एक गोष्ट विसरू नये. जिम मार्शल यांच्या लंडनच्या दुकानात १९६२ साली जो प्रसिद्ध ॲम्प्लिफायर तयार झाला, तो फेंडरच्या 'बासमन'ची नक्कलच होता. हाती आले ते भाग जोडले, स्पीकर निराळे लावले आणि नक्कल बिघडून नवाच सूर जन्मला. हाताची नक्कल चुकते, म्हणून कधी कधी पुढे जाते. मोजून केलेली नक्कल जितकी बिनचूक, तितकी ती मुळापाशीच थांबते. नवे मूळ घडवायला भाग जोडणारा हातच लागतो.

तो हात आज विरळ झाला आहे. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह होत. आता जगात ते मुख्यत्वे रशिया, स्लोवाकिया आणि चीन येथे होतात. २०२२ साली युक्रेनचे युद्ध पेटताच रशियाच्या व्हॉल्व्हांची टंचाई झाली आणि किमती चढल्या. दुरुस्ती जाणणारे तर त्याहून थोडे. आमच्या ॲम्प्लिफायरसाठी कल्याणचे एक पंचाहत्तरीचे कारागीर सापडले. तरुणपणी त्यांनी रेडिओ जोडले होते. झाकण उघडताच त्यांनी मुलाचा हात मागे ओढला. वीज बंद केल्यावरही आत चारशे व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात. ते कसे उतरवायचे, हे त्यांनी आधी दाखवले आणि मगच डाग देण्याची कैची हातात घेतली. आम्ही विचारले, "हे कोणास शिकवलेत?" म्हणाले, "विचारायला कोणी आलेच नाही."

तेव्हा सहकाऱ्याला आम्ही उत्तर दिले ते असे: यंत्र घेऊ द्या, पोराने कार्यक्रमाला तेच न्यावे. पण जुना ॲम्प्लिफायर विकू नका, तो आमच्या कार्यालयात ठेवा. आता दर रविवारी ते कारागीर येतात आणि दोन मुले त्यांच्यापाशी बसतात. त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च आणि मेहनताना संघटना देते, कारण कसब फुकट मागणे आम्हांला शोभणार नाही.

घड्याळवाला हात मोजून गेला, म्हणून हाताची किंमत संपत नाही. आपल्या घराजवळही असा एखादा हात असेल. तो थकण्यापूर्वी त्याच्याकडे एखादे मूल शिकायला धाडा, एवढीच आमची विनंती आहे.