मोटारीतल्या एसीचा गॅस

मे महिन्यात पुसेगावाहून हिंगोलीकडे निघावे, काचा लावाव्या, एसी सुरू करावा आणि वारा यावा कोमट! मागे बसलेले कोणीतरी लगेच सांगते, "गॅस संपला असेल, भरून घ्या." पण श्रोतेहो, हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत असतो. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षे थोडा झिरपतो खरा. पण बराच कमी झाला, तर कुठेतरी गळती आहे असे समजावे. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे.

आधी बिनपैशाची तपासणी करा. सोयाबीन-हळदीच्या आपल्या मुलखात धूळ काय कमी? रेडिएटरपुढची कंडेन्सरची जाळी माती-भुशाने बुजली, तर पुरता गॅस असूनही गारवा येत नाही. ती पाण्याच्या हलक्या धारेने धुवा, आतला फिल्टर झटका. मग नळ्यांचे सांधे पाहा. गॅसबरोबर तेलही फिरते, म्हणून गळतीच्या जागी तेलकट डाग पडतो. कॉम्प्रेसर घडीघडी टक्‌कन लागत-सुटत असेल, तर गॅस कमी असल्याचा संशय घ्यावा.

आता गेजविषयी. मिस्त्री काटा दाखवतो आणि आपण मान डोलावतो! आर-१३४ए हा गॅस पुष्कळ गाड्यांत असतो. ३५ अंश उष्म्यात, गाडी बंद असताना, त्याचा दाब चौरस इंचाला सुमारे ११५ पौंड भरतो. मग आत अडीचशे ग्रॅम असो की पाचशे. थोडा गॅस द्रवरूपात उरला आहे तोवर दाब बदलत नाही. स्वयंपाकाच्या सिलिंडरचे तसेच नाही का? म्हणून तर तो आपण वजन करून घेतो. एंजिन चालू ठेवून दोन्ही बाजूंचे दाब पाहिले तर दोषाचा माग लागतो, पण ग्रॅम कळत नाहीत.

खरे माप तराजूचेच. यंत्राने सगळा गॅस काढून तोलायचा, गळती बुजवायची, पंपाने नळ्या निर्वात करायच्या आणि बॉनेटखालच्या चिठ्ठीवर छापले आहे तेवढेच ग्रॅम भरायचे. जास्त भरला तरी गारवा घटतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो, बरं का. काढलेला गॅस हवेत सोडू देऊ नका. वजनास वजन धरले, तर तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता वाढवतो.

स्वस्तात स्वयंपाकाचा गॅस भरून देतो म्हणणाऱ्याला मात्र साफ नाही म्हणा. तो पेट घेतो, आणि गळाला तर गाडीत मुलेबाळे बसलेली असतात. पावतीवर किती ग्रॅम निघाला आणि किती भरला, हे दोन्ही आकडे लिहून मागा.