भातगिरणीतील झीज

तंजावर म्हटले की मराठी मनाला भोसल्यांची गादी आठवते, सरस्वती महाल आठवतो, बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ साली दगडावर कोरलेला भोसलेवंशाचा मराठी इतिहास आठवतो. आज मात्र त्याच तंजावरच्या भातगिरणीत आपणांस न्यावयाचे आहे. कावेरीच्या मुखाजवळचा हा मुलूख भाताचे कोठार आहे, आणि जेथे एवढे भात पिकते तेथे ते भरडण्याची चिंताही तेवढीच मोठी.

ज्या घरांत जाते होते त्यांना ही चिंता अपरिचित नाही. जात्याची तळी गुळगुळीत झाली की पीठ जाड पडे, ओढणाऱ्या बायकांचे हात भरून येत, आणि मग टाकी लावणाऱ्याची वाट पाहिली जाई. कोकणातल्या घिरटाचीही हीच कथा.

आताच्या गिरणीत तूस काढण्यासाठी रबराचे अस्तर चढविलेले दोन रूळ असतात. नवा रूळ बहुधा दहा इंच, म्हणजे २५४ मिलिमीटर व्यासाचा. दोन्ही रूळ एकमेकांसमोर उलट दिशांनी फिरतात; एकाचा वेग दुसऱ्याहून सुमारे पंचवीस टक्क्यांनी अधिक. दाणा मध्ये सापडला की त्याची एक बाजू पुढे ओढली जाते, दुसरी मागे राहते आणि तूस सोलून निघते. दगडी चक्कीच्या मानाने तांदूळ पुष्कळच कमी तुटतो. पण भाताच्या तुसात वाळूच्या जातीचे सिलिका हे द्रव्य भरपूर असते, आणि ते रबराला अहोरात्र घासत राहते. त्यात तंजावरचा उन्हाळा! ऊन लागलेले रबर अधिकच लवकर झिजते.

यातली खरी मेख अशी, की वेगवान रूळ अधिक झिजतो. समजा, तो २३४ मिलिमीटरवर आला आणि मंद रूळ २४६ वर राहिला. मग पृष्ठभागांच्या वेगांतील पंचवीस टक्क्यांचा फरक एकोणिसांवर येतो. तूस नीट निघेनासे होते. गिरणीवाला साहजिकच रूळ अधिक आवळतो. त्याने रबर तापते, आणखी झिजते, आणि अखंड तांदळाऐवजी कणी पडू लागते. कणीला भाव कमी, म्हणून नुकसान कोणाचे, हे शेतकऱ्याला सांगावयास नको.

उपाय अवघड नाही. ठराविक तासांनी यंत्र थांबवून दोन्ही रुळांचा व्यास मापावयाचा, वहीत लिहावयाचा, आणि अंतर वाढू लागताच रुळांची अदलाबदल करावयाची. दाण्यांची धार रुळाच्या सबंध रुंदीवर सारखी पडते ना, हेही पाहावयाचे. नाही तर मधोमध खळगा पडतो आणि त्यातून भात न सोलताच निसटते. बाहेर पडणारा मूठभर तांदूळ पसरून त्यातली कणी आणि न सोललेले भात निवडून तोलणे, ही तपासणी तर कोणालाही जमेल. परंतु कुरुवै हंगामाची कापणी ऐन पावसाच्या तोंडावर येते. ओल्या भाताच्या गाड्या दारात उभ्या असता अर्धा तास यंत्र बंद ठेवण्यास कोण राजी होणार? माझ्या मते वही नेमकी तेथेच कोरी राहते.

कोळ्ळिडम नदीपलीकडे अरियलूरकडे चुनखडी विपुल, म्हणून तेथे सिमेंटचे कारखाने आहेत. ज्या कारखान्यांत पोलादी गोळ्यांच्या चक्क्या चालतात, त्यांच्या पिंपाला आतून पोलादी अस्तर असते. त्या अस्तराचे उंचवटे गोळ्यांना वर उचलून मालावर आदळवतात. उंचवटे झिजले की गोळे नुसते घसरतात. वीज खर्च होते आणि दळण मात्र जाडच राहते. तेथे पिंप थांबवून आत उतरून जाडी मापतात. आता प्रकाशकिरणांनी आतील पृष्ठभाग टिपणारी उपकरणेही आली आहेत, आणि चालत्या चक्कीच्या आवाजावरूनही अंदाज बांधतात.

भातगिरणीला एवढी उपकरणे परवडत नाहीत, आणि लागतही नाहीत. कंपास, तराजू आणि वही पुरे. रूळ वेळेवर बदलत राहिले तर दोन्ही सारखे झिजून एकदमच उतरविता येतात, आणि आतील धातूला घासणी लागण्यापूर्वी ते काढले तर त्याच नळीवर पुन्हा रबर चढविता येते.