कोळी नव्हे, हार्वेस्टमन

दिवाळीपूर्वीं घरांतलीं जळमटें काढावयास घेतलीं कीं छताच्या कोपऱ्यांतून एक काडीपायी कोळी हमखास निघतो. अंग तांदळाच्या दाण्याएवढें आणि पाय केसासारखे. झाडूचा धक्का लागतांच तो आपल्या जाळ्यांत गरगर झुलूं लागतो. इंग्रजी बोलणारे लोक अशा कोळ्याला 'डॅडी लाँगलेग्ज' म्हणतात. परंतु हेंच नांव ते आणखी एका प्राण्याला देतात, आणि तो कोळी नाहीं. यूरोपांतल्या बागांत, कुंपणांत आणि कापणीला आलेल्या शेतांत दिसणारा हा दुसरा प्राणी म्हणजे हार्वेस्टमन, अर्थात् सुगीचा माणूस. 'जगांतलें सर्वांत जहाल विष डॅडी लाँगलेग्जपाशीं आहे, केवळ त्याचे दांत माणसाच्या कातडींत शिरण्याइतके लांब नाहींत', अशी एक कथा इंग्रजी मुलखांत मोठ्या विश्वासानें सांगितली जाते. कोळ्याच्या बाबतींतहि या कथेला आधार नाहीं. नांव एकच पडल्यामुळें तिचा आळ मात्र हार्वेस्टमनवरहि आला आहे, आणि त्याला तर विषग्रंथीच नाहींत.

कोळी आणि हार्वेस्टमन हे दोघेहि अष्टपाद वर्गांतले. पायांच्या चार जोड्या दोघांनाहि आहेत. पण कोळ्याचें शरीर दोन भागांचें असतें व त्या दोहोंमध्यें बारीक कंबर असते. हार्वेस्टमनला कंबरच नाहीं. त्याचें डोकें, छाती आणि पोट मिळून एकच अखंड गोळा झालेला असतो. पाठीवरच्या आडव्या रेषा निरखून पाहाव्या तेव्हां पोटाचा भाग कोठें सुरू होतो हें कळतें. कोळी सूत काढतो. हार्वेस्टमनजवळ सूत नाहीं, म्हणून जाळेंहि नाहीं. जर्मन भाषेंत त्याचें नांव मात्र 'वेबरक्नेख्त', म्हणजे विणकऱ्याचा गडी, असें पडलें आहे. ज्याला जन्मांत एक धागा काढतां येत नाहीं त्याला हें नांव देणाऱ्यानें त्याचे फक्त पाय पाहिले असावेत! कोळी भक्ष्यावर पाचक रस सोडून तें पातळ झालेलें अन्न शोषून घेतो; हार्वेस्टमन चिमट्यासारख्या जबड्यांनीं तुकडे तोडून घन अन्न खातो. संकट आलें तर शरीराच्या पुढच्या भागांत दोन बाजूंना असलेल्या ग्रंथींतून उग्र वासाचा द्रव सोडावयाचा, एवढेंच त्याचें शस्त्र.

त्याच्या पायांविषयीं जरा विस्तारानें सांगावयास हवें. ते सर्व सारखे लांब नसतात. दुसरी जोडी सर्वांत लांब असते, आणि ती चालण्यापेक्षां चाचपण्याकरितां अधिक वापरली जाते. डोळे फारसे कामाचे नसल्यामुळें हा प्राणी या दोन पायांनीं पुढची वाट, भक्ष्य आणि सोबती शोधीत असतो. आंधळ्याच्या हातीं काठी असावी तसे ते सतत हलत असतात. प्रत्येक पायाचें टोंक असंख्य बारीक सांध्यांचें असतें, त्यामुळें गवताच्या काडीला तें दोरीसारखा वेढा घालूं शकतें. शत्रूनें पाय धरला तर तो मुळाशीं तोडून टाकून प्राणी निसटतो, व तुटलेला पाय कांहीं काळ तेथेंच वळवळत राहतो. येथें पालीच्या शेपटीची आठवण होईल. परंतु पालीची शेपटी पुन्हां उगवते. हार्वेस्टमनचा गेलेला पाय पुन्हां येत नाहीं.

हार्वेस्टमनच्या हजारों जातींपैकीं सर्वांत परिचित जात स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यानें इ. स. १७५८ मध्यें नोंदली. तिचें शास्त्रीय नांव फॅलँजियम ओपिलिओ. लॅटिन भाषेंत 'ओपिलिओ' म्हणजे मेंढपाळ. यूरोप व आशियाचा समशीतोष्ण भाग हें तिचें माहेर. माणसाच्या पाठोपाठ ती उत्तर अमेरिकेंत आणि न्यूझीलंडमध्येंहि पोंचली आहे. थंड मुलखांत मादी शरद् ऋतूंत मातींत अंडीं घालते, तीं हिंवाळा काढतात, वसंतांत पिलें निघतात, आणि सुगीच्या सुमारास तीं वयांत येतात. प्राण्याचें इंग्रजी नांव या वेळेवरूनच पडलें.

आतां ही जात ओळखावी कशी? नराची खूण प्रसिद्ध आहे. त्याच्या जबड्याचा दुसरा भाग शिंगासारखा वर निघालेला असतो, आणि बाजूनें पाहतांना ही जोड-शिंगें चटकन् डोळ्यांत भरतात. दोन नर समोरासमोर आले कीं जबडे भिडवून एकमेकांना रेटतात आणि तोंडाजवळच्या लांब स्पर्शकांनीं प्रतिस्पर्ध्याच्या पायांवर भराभर टपटप मारतात. पण जी खूण इतकी सोपी, तीच अभ्यासकाला फसविते. लहान चणीच्या नराचीं शिंगें आंखूड असतात. मादीला आणि पिलांना तीं मुळींच नसतात. मादी अंगानें मोठी, ६ ते ९ मिलिमीटर लांब, आणि तिच्या पाठीवर गडद खोगिराच्या आकाराचा पट्टा असतो. परंतु असाच पट्टा इतरहि अनेक जातींना असतो. शिंगांवर विसंबून राहणारा मनुष्य म्हणून निम्म्याहून अधिक प्राण्यांपुढें निरुत्तर होतो.

खरी खूण भिंगाखालीं दिसते. शरीराची पुढची कड आणि जबडे यांच्यामधल्या फटींत दोन इवलेसे टोंकदार दांत पुढें आलेले असतात. नर, मादी आणि पिलूं या तिघांतहि ते सांपडतात. त्याच्या जोडीला पोटाची पांढुरकी, जवळजवळ निर्डाग खालची बाजू पाहावी. भिंतींवर राहणारी ओपिलिओ पॅरिएटिनस ही जात वरून पुष्कळशी अशीच दिसते, पण तिच्या खालच्या बाजूवर गडद ठिपके असतात. म्हणजे ज्या प्राण्याला सारे जग वरून पाहतें, त्याची ओळख उलटा करून पटवावी लागते.

एवढ्या बारकाव्याचा उपयोग काय, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इटलीच्या बाजूनें आलेली ओपिलिओ कॅनेस्ट्रिनी ही जात मध्य यूरोपच्या शहरांत पसरली, आणि भिंतींवरची जुनी ओपिलिओ पॅरिएटिनस अनेक ठिकाणांहून मागें हटली. भिंतीवर लांब पायांचा एक प्राणी काल होता तसा आजहि आहे. खालच्या बाजूचे ठिपके मोजणारा कोणी नसता तर एक जाऊन दुसरा आला हें कोणाला कळलेंहि नसतें. शिवाय फॅलँजियम ओपिलिओ शेतांत मावा आणि बटाट्याच्या पिकाचा वैरी असलेल्या कोलोरॅडो भुंग्याचीं अंडीं खातो. किडींवर मारलेलें औषध या मित्रालाहि मारतें.

मात्र भिंगानें दिसलेली प्रत्येक खूण विश्वासार्ह असते असेंहि नाहीं. कार्ल फ्रीडरिक रेवर (१८८१-१९६३) या जर्मन संशोधकानें हार्वेस्टमनच्या दोन हजारांहून अधिक जातींना नांवें दिलीं. सह्याद्रीच्या दमट रानांत ज्यांचे प्रतिनिधि आढळतात तो गॅग्रेला या गणाचा परिवारहि त्याच्या हाताखालून गेला. त्यानें पायांवरच्या गांठींच्या संख्येवर फार भर दिला, कारण संख्या मोजावयास सोपी. पुढें असें दिसून आलें कीं एकाच जातींत ही संख्या बदलते. त्याच्या कित्येक जाति आणि प्रजाति पुढच्या पिढीला एकत्र कराव्या लागल्या. चिकाटी अचाट होती, पण सोयीची खूण आणि खरी खूण यांत भेद आहे, हें तो विसरला.

आणि डोळ्यांची कथा तर याहून विलक्षण. हार्वेस्टमनच्या पाठीवर पुढच्या बाजूस एक उंचवटा असतो. त्याच्या दोन बाजूंना एकेक डोळा, जणूं बुरुजावर पाठीला पाठ लावून बसलेले दोन पहारेकरी. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे आणि हार्वेस्टमनला दोन, हा भेद पिढ्यान् पिढ्या शिकविला गेला. इ. स. २०२४ मध्यें अमेरिकेंतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठांतील गिलेर्मी गाइनेट, प्रशांत शर्मा आणि त्यांचे सहकारी यांनीं फॅलँजियम ओपिलिओच्या पेशींत प्रकाश ओळखणाऱ्या प्रथिनांचा माग काढला, तेव्हां त्याच जातींत आणखी दोन जोड्या सांपडल्या. एक मधल्या डोळ्यांची, दुसरी बाजूच्या डोळ्यांची, दोन्ही अवशेषरूप. त्यांचे तंतु मेंदूच्या ज्या भागांत जातात ते कोळ्यांच्या मेंदूंतील तशाच डोळ्यांच्या केंद्रांशीं जुळतात.

फ्रान्समधील मोंसो-ले-मीन येथल्या सुमारें ३० कोटि ५० लक्ष वर्षांपूर्वींच्या खडकांत एक हार्वेस्टमन सांपडला होता. त्याचें वर्णन इ. स. २०१४ मध्यें प्रसिद्ध झालें. त्याला मधले आणि बाजूचे असे दोन्ही प्रकारचे डोळे होते, म्हणून त्याला आजच्या हार्वेस्टमनांपासून वेगळ्या, नामशेष शाखेंत टाकण्यांत आलें. नव्या शोधानंतर तो जिवंत वंशाच्याच एका शाखेंत येऊन बसला आहे, आणि त्यामुळें साऱ्या वंशाचें वयहि मागें सरकलें आहे.