उप-उमेदवाराला कुणी काय विचारायचं?

(आरे कॉलनीत ऑक्टोबर २०२५ मध्ये झालेल्या युवा संवादातील भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी मला विषय दिला, ‘अमेरिकेतली उपाध्यक्षपदाची डिबेट आणि आपण’. मी राजकारणाचा अभ्यासक नाही. इंजिनिअरिंग केलं, कोड लिहितो, आणि कामाचा बराच वेळ दुसऱ्याने लिहिलेल्या कोडमधल्या चुका शोधण्यात जातो. त्यामुळे माझं बोलणं थोडं त्या अंगाने जाईल, सांभाळून घ्या.

गेल्या वर्षीची गोष्ट. २ ऑक्टोबर, गांधी जयंतीची सुट्टी. फज्रनंतर मी परत झोपलो नाही, कारण साडेसहाला न्यूयॉर्कमध्ये व्हान्स आणि वॉल्झ यांची डिबेट सुरू होणार होती. तिथे १ तारखेचे रात्रीचे नऊ वाजलेले. अमेरिकन क्लायंटमुळे ही वेळेची गणितं मला तोंडपाठ आहेत. बाहेर तबेल्यांतून दुधाच्या गाड्या निघत होत्या आणि मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. अम्मी चहा घेऊन आली, पाच मिनिटं बघितलं आणि विचारलं, “हे दोघं निवडणुकीला उभे आहेत ना? मग ह्यांना हार कुणी घातला नाही?”

मी हसलो, पण नंतर लक्षात आलं की तिचा प्रश्न नेमका होता. हार नाही, स्टेज भरून कार्यकर्ते नाहीत, समोर प्रेक्षकसुद्धा नव्हते. दोन माणसं, दोन पत्रकार स्त्रिया, घड्याळ, आणि जास्त बोललं तर माइक बंद. अम्मीने आयुष्यात एवढ्या निवडणुका पाहिल्या, पण उमेदवाराला उभं राहून उत्तर देताना तिने कधी पाहिलं नव्हतं. मी तरी कुठे पाहिलं होतं?

आता ह्या डिबेटच्या आधी काय चाललं होतं ते सांगतो, कारण गंमत तिथे आहे. आमच्या कामात चार दिवसांचं काम असेल तर मॅनेजरला सहा दिवस सांगायचे आणि पाचव्या दिवशी देऊन शाबासकी घ्यायची, ही जुनी युक्ती. डिबेटच्या आधी दोन्ही बाजू हेच करतात. वॉल्झच्या गोटातून बातमी येत होती की साहेब घाबरलेत, त्यांना डिबेट जमत नाही. व्हान्सची माणसं उलट वॉल्झचं कौतुक करत होती, तो फार कसलेला वक्ता आहे म्हणून. म्हणजे आपला माणूस नुसता उभा राहिला तरी लोकांनी म्हणावं, वा!

ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण २००८ चं. सारा पेलिन यांच्या टीव्ही मुलाखती इतक्या फसल्या होत्या की बायडेनसमोर त्या कोसळतील असं सगळे धरून चालले होते. जवळपास ७ कोटी लोकांनी ती डिबेट पाहिली. त्या कोसळल्या नाहीत, आणि तेवढ्यावर कित्येकांनी त्यांना पास केलं. अपेक्षेची पट्टी इतकी खाली आणून ठेवली की तिच्यावरून कुणीही उडी मारावी.

हे ऐकून तुम्हाला कुणाची आठवण येते? मला आमच्या वस्त्यांची येते. “आपला माणूस चांगला आहे, फोन उचलतो.” “ईदला शीरखुर्मा प्यायला आला होता.” “मय्यतीला आला होता.” अरे, पाण्याची लाइन? दवाखाना? उर्दू आणि मराठी शाळेतल्या शिक्षकांची पदं? ह्या गोष्टी आपण पट्टीवरच ठेवलेल्या नाहीत. पट्टी आपणच खाली धरून बसलोय आणि उमेदवाराला दोष देतोय. थोडा त्याचाही आहे, तो भाग वेगळा.

परत डिबेटकडे. त्याच दिवशी इराणने इस्राएलवर क्षेपणास्त्रं डागली होती, त्यामुळे पहिलाच प्रश्न आला की इस्राएलने इराणवर आधी हल्ला केला तर तुम्ही पाठिंबा द्याल का? वॉल्झ अडखळले, एकदा इराण आणि इस्राएल ह्या नावांची अदलाबदलही केली. व्हान्सने आधी स्वतःची जीवनकहाणी सांगितली आणि मग म्हणाले, ते इस्राएलने ठरवावं. गाझाचं नाव ओझरतं आलं. मी स्क्रीनकडे बघत होतो आणि डोक्यात मिशिगन होतं. त्या फेब्रुवारीत तिथल्या प्राथमिक फेरीत एक लाखाहून जास्त लोकांनी बायडेनना मत न देता ‘अनकमिटेड’वर शिक्का मारला होता आणि त्यात अरब आणि मुस्लिम मतदार मोठ्या संख्येने होते. त्यांना नव्वद मिनिटांत काय मिळालं? एक ओझरता उल्लेख. वॉल्झ तर मिनेसोटाचे गव्हर्नर, तिथे सोमाली मुस्लिमांची मोठी वस्ती. तरीही.

शेवटी व्हान्सला विचारलं गेलं की २०२० ची निवडणूक ट्रम्प हरले का? त्याने सरळ उत्तर दिलं नाही. वॉल्झने ते नेमकं पकडलं, पण तोवर नव्वद मिनिटं संपत आली होती. सीबीएसच्या पाहणीत ४२ टक्क्यांना व्हान्स जिंकला असं वाटलं, ४१ टक्क्यांना वॉल्झ. म्हणजे बरोबरी. नोव्हेंबरमध्ये डिअरबॉर्नमध्येही ट्रम्प पहिल्या क्रमांकावर आले.

मग एक मित्र म्हणतो, डिबेटने काही फरक पडत नाही तर कशाला एवढा डोक्याला ताप? १९८८ मध्ये लॉइड बेंट्सन यांनी डॅन क्वेल यांना डिबेटमध्ये असं गप्प केलं की आजही लोक ते सांगतात. आणि उपाध्यक्ष कोण झाले? क्वेल.

बरोबर आहे. मतं फारशी हलत नाहीत. पण डिबेटने एक नोंद राहते, आमच्या भाषेत लॉग. सिस्टीम पडली की आम्ही आधी लॉग उघडतो, कोण काय म्हणालं होतं, किती वाजता. १ जुलै २०२५ ला अमेरिकेच्या सिनेटमध्ये ५०-५० मतं पडली आणि उपाध्यक्ष व्हान्स यांच्या एका मताने ट्रम्प यांचं मोठं कर-विधेयक पुढे सरकलं. गरिबांच्या आरोग्य योजनेला कात्री लावणारं. ज्या माणसाच्या हातात असं एक मत येऊ शकतं, त्याला आधी नव्वद मिनिटं उभं केलेलं होतं. त्याची उत्तरं आज कुणीही काढून समोर ठेवू शकतो.

आता आपल्याकडे या. आपल्या देशात गेल्याच महिन्यात उपराष्ट्रपती निवडले गेले. ९ सप्टेंबरला. एका बाजूला सी. पी. राधाकृष्णन, तोवर आपलेच राज्यपाल, मलबार हिलच्या राजभवनात राहणारे. दुसऱ्या बाजूला सुप्रीम कोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती बी. सुदर्शन रेड्डी. ७८१ मतदार, सगळे खासदार. ७६७ जणांनी मत दिलं, त्यातली १५ मतं बाद. (हशा) हसू नका, हे आपले कायदे करणारे लोक आहेत. राधाकृष्णन यांना ४५२, रेड्डी यांना ३००.

ह्या दोघांना समोरासमोर बसवलं असतं तर? रेड्डी यांनी २०११ मध्ये छत्तीसगडमधल्या सलवा जुडूमविरुद्ध निकाल दिला होता, आदिवासी पोरांच्या हातात बंदुका देणं बेकायदा ठरवणारा. त्यावरून गृहमंत्र्यांनी प्रचारात त्यांच्यावर टीका केली. ह्या आरेमध्ये आदिवासी पाडे आहेत, आपल्या शेजारी. आदिवासींबद्दल त्या दोघांचं म्हणणं काय, हे पाड्यातल्या माणसाला ऐकायला मिळायला हवं होतं की नको?

मागच्या सत्रात एका मुलीने मला विचारलं की उपराष्ट्रपती तर नुसतं शोभेचं पद आहे, त्याला कशाला डिबेट? शिवाय त्याने निःपक्ष असायचं असतं. प्रश्न चांगला आहे. पण राज्यघटनेच्या कलम ६४ प्रमाणे तो राज्यसभेचा सभापती असतो. कुणाला बोलायला मिळणार, कुणाची सूचना घेतली जाणार, कुणाला बाहेर काढणार, हे त्या खुर्चीवरून ठरतं. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ खासदार निलंबित झाले. डिसेंबर २०२४ मध्ये विरोधकांनी सभापती धनखड यांना हटवण्याची नोटीस दिली, देशाच्या इतिहासात पहिल्यांदा. ४ एप्रिल २०२५ च्या मध्यरात्रीनंतर वक्फ विधेयक १२८ विरुद्ध ९५ मतांनी मंजूर झालं ते ह्याच सभागृहात. जुलैमध्ये धनखड यांनी अचानक राजीनामा दिला. शोभेच्या पदासाठी एवढं होत नाही.

आणि इतिहास बघा. २००२ मध्ये आपल्या सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे ह्याच पदासाठी उभे होते, समोर भैरोंसिंह शेखावत. गंमत म्हणजे दोघेही राजकारणात येण्याआधी पोलीस सब-इन्स्पेक्टर होते. शेखावत ४५४, शिंदे ३०५. तो ऑगस्ट महिना होता. गुजरात होऊन सहा महिनेही झाले नव्हते. दोन माजी पोलीस अधिकाऱ्यांना समोर बसवून एवढंच विचारायला हवं होतं की दंगलीत पोलिसांनी काय करायचं असतं? कुणी विचारलं नाही. शिंदे पुढे पाच महिन्यांत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले.

२००७ तर आपल्यासाठी आणखी बोलकं आहे. तेव्हा मी बारावीत होतो. उपराष्ट्रपतीपदाचे तिन्ही उमेदवार मुस्लिम होते: हमीद अन्सारी, नजमा हेपतुल्ला, रशीद मसूद. हेपतुल्ला तर महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेल्या. आमच्याकडे जोगेश्वरीत मोठी माणसं खूश होती, कुणीही आला तरी आपलाच. अब्बा पेपर वाचून दाखवायचे. अन्सारी ४५५, हेपतुल्ला २२२, मसूद ७५. पण त्याच्या नऊ महिने आधी सच्चर समितीचा अहवाल आला होता! देशातल्या मुसलमानांचं शिक्षण, नोकऱ्या, बँकेचं कर्ज, सगळं आकड्यांत मांडलेलं. तीन मुस्लिम उमेदवार, तीन वेगळ्या आघाड्यांचे, आणि एका टेबलावर बसवून “सच्चरचं काय?” एवढा प्रश्न विचारायची सोय ह्या देशात नव्हती. तिघांची नावं आपल्याला पुरली. नाव आपलं आहे ना, झालं. ह्या सवयीबद्दल मला राग आहे, आणि तो सगळ्यात आधी स्वतःवर आहे, कारण बारावीतल्या मलाही तेव्हा तेवढंच पुरलं होतं.

इथे आरेमध्ये ह्याची किंमत आपण मोजली आहे. ४ ऑक्टोबर २०१९ ची रात्र तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. हायकोर्टाचा निकाल आला आणि त्याच रात्री कारशेडसाठी कटर सुरू झाले. २,१०० हून जास्त झाडं गेली. सात तारखेला सुप्रीम कोर्टाने थांबवलं तेव्हा तोडायचं बरंचसं तोडून झालं होतं. विधानसभेचं मतदान २१ ऑक्टोबरला होतं, सतरा दिवसांवर! एका युतीतले दोन पक्ष, एक म्हणतो कारशेड इथेच, दुसरा म्हणतो झाडांना हात लावू नका, आणि दोघं मिळून मतं मागतात. मग २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला, २०२२ मध्ये परत आरेला. गेल्या ऑक्टोबरमध्ये मेट्रो सुरू झाली. मी रोज तिने बीकेसीला जातो, आणि मला ती सोयीची आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण सतरा दिवसांत त्या उमेदवारांना एका खोलीत बसवून कुणी विचारलं असतं, तर आज आपल्याकडे लॉग असता.

आणि आपल्या मताला किंमत नाही असं कुणी म्हणू नका. २०२४ च्या लोकसभेला ह्या वायव्य मुंबईत निकाल किती मतांनी लागला? ४८. एका बिल्डिंगच्या एका विंगमध्ये एवढी मतं असतात. नोव्हेंबरमध्ये जोगेश्वरी पूर्वचा निकालही दीड हजारांच्या आसपास मतांनी.

म्हणून आता कामाचं बोलतो. मुंबई महापालिकेत मार्च २०२२ पासून नगरसेवक नाहीत, प्रशासक आहे. सुप्रीम कोर्टाने जानेवारीअखेरपर्यंत निवडणुका उरकायला सांगितलंय. २२७ वॉर्डांत उमेदवार फिरतील. आपल्या वॉर्डातल्या उमेदवारांना एका टेबलावर बोलवायचं. सगळ्यांना, कुणाला वगळायचं नाही. जो येणार नाही त्याची खुर्ची रिकामी ठेवायची आणि तिच्यावर नाव लिहायचं.

प्रश्न आपण आजपासून गोळा करू. माझी एक अट आहे. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर वर्षभराने तपासता येईल. “मुस्लिमांसाठी काय करणार?” हा प्रश्न नको, त्याला कुणीही छाती ठोकून उत्तर देतो. “पाड्यांमधल्या किती घरांना पालिकेचं नळकनेक्शन नाही ते तुम्ही मोजलंय का, आणि मार्च २०२७ पर्यंत त्यातल्या कितींना देणार?” असा हवा. पाड्यातल्या मुलांना, तबेल्यात काम करणाऱ्या भय्या लोकांना, रॉयल पाम्समधल्या सोसायट्यांनाही प्रश्न लिहायला सांगा. आपली सभा फक्त आपल्या लोकांची झाली तर उमेदवार शेरवानी घालून येतील आणि काम झालं समजून परत जातील.

हॉल कुठला, ते अजून ठरलेलं नाही. दोन ठिकाणी विचारलं, दोघांनी “राजकीय कार्यक्रम नको” म्हणून नाही सांगितलं. उघड्यावर करायचं तर पोलिसांची परवानगी लागेल. अर्ज कोण लिहिणार? मराठी चांगलं असलेलं कुणीतरी हवं, माझं अर्जाचं मराठी कच्चं आहे. माइक माझ्या ओळखीच्या मंडपवाल्याकडून येईल. घड्याळ मी बघेन, दोन मिनिटं झाली की माइक बंद, मग समोर कुणीही असो.

मागे वही फिरते आहे, त्यात प्रश्न लिहा. खाली नाव आणि कुठल्या युनिटमध्ये किंवा पाड्यात राहता तेही लिहा.