गोधडीची मजुरी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मस्थान. पांडुरंग आपला शेला विसरून जनाबाईंची वाकळ पांघरून राउळी परतला, ही कथा आपण श्रद्धेने ऐकतो. ज्या वस्त्राचा देवाने असा मान राखला, त्याची मजुरी देताना मात्र आपला हात आखडतो. त्याविषयी आज दोन शब्द बोलावयाचे आहेत.

पूर्वी गोधडी घरच्या घरी शिवली जाई. ती विकावयाची नसल्याने तिच्या किमतीचा प्रश्नच नव्हता. आता कित्येक भगिनी मागणीप्रमाणे गोधड्या शिवून देतात. गिऱ्हाईक जुनी लुगडी आणून देते आणि म्हणते, "कापड आमचेच आहे, दोऱ्याचे काय ते घ्या." हिशेब चुकतो तो येथेच. लुगडी धुणे, थर सारखे लावणे, कच्चा दोरा घालणे आणि मग काठापासून मध्यापर्यंत धावदोऱ्याच्या ओळी भरीत जाणे, या सर्वांस वेळ लागतो. ओळी जितक्या जवळ, तितके दिवस अधिक.

म्हणून मजुरी तासांवर ठरवावी. समजा, एक मोठी गोधडी रोज चार तास बसून 20 दिवसांत पुरी झाली. म्हणजे आठ तासांचे 10 दिवस झाले. 2025-26 साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या अकुशल कामाचा दर दिवसाला 312 रुपये होता. त्या हिशेबाने 3,120 रुपये निव्वळ मजुरीचे होतात; दोरा व अस्तर निराळे. शिवाय सुबक, एकसारखा टाका हे अकुशल काम खास नव्हे. तेव्हा ही रक्कम किमान समजावी. यंत्रावरील रजईच्या भावाशी तिची तुलना करणे न्याय्य नाही.

भगिनींनीही काम घेण्यापूर्वी लांबी-रुंदी, थर, ओळींतील अंतर, मुदत आणि मजुरी कागदावर लिहून द्यावी. काही रक्कम आगाऊ घ्यावी. ठरल्यावर भाव वाढवू नये.

शेवटी एक विनंती. बाहेरचा मनुष्य घासाघीस करतो, तेव्हा नाही म्हणता येते, परंतु "आपल्याच नात्यातली आहे, तिला काय एवढे द्यायचे?" असे ज्ञातीतील कोणी म्हटले, की त्या बाईस संकोचाने गप्प बसावे लागते. आपलेपणा दाखवावयाचाच असेल, तर ठरलेली मजुरी गोधडी हाती येताच पुरती चुकती करून दाखवावा.