मशीन बंद पडलं, तर आधी बाईला दोष देऊ नका

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका गटाच्या सचिवताईंनी मांडलेले अनुभव. छपाईचा व्यवसाय करणाऱ्या इतर गटांनाही उपयोग व्हावा, म्हणून त्यांच्याच शब्दांत देत आहोत.)



मला सांगितलं की, तुमच्या गटाच्या यशाबद्दल दहा मिनिटं बोला. यश काय, सगळ्याच सांगतात. मी आज आमची चूक सांगणार आहे. कारण आपल्या प्रभागात आता बऱ्याच गटांनी मगवर, पिशवीवर, बिल्ल्यावर फोटो छापायचं काम घेतलंय. जी चूक आम्हाला महागात पडली, ती तुम्हाला फुकटात कळावी.

आमच्याकडे फोटो छापायचा साधा इंकजेट प्रिंटर आहे. म्हणजे तो मूळचा साधा. दुकानदाराने त्याला बाहेरून शाईच्या टाक्या आणि नळ्या बसवून दिल्या आणि त्यात सब्लिमेशनची शाई भरली. कागदावर उलटा फोटो छापायचा, तो मगला गुंडाळायचा, गरम प्रेसमध्ये दाबायचा, की फोटो मगवर उतरतो. असा बदल केलेला प्रिंटर स्वस्त पडतो. पण एक लक्षात ठेवा, बदल केला की कंपनीची वॉरंटी गेली. पुढचं आपलं आपण बघायचं.

संक्रांतीच्या वाणासाठी आम्हाला १२० मगांची ऑर्डर होती. आगाऊ पैसे घेतलेले. पंधरा दिवस राहिले असताना एका सकाळी प्रिंटर चालू केला, तर कागद कोरा बाहेर आला. हेड इकडून तिकडे पळतंय, आवाज नेहमीसारखा, पण कागदावर एक ठिपका नाही. आदल्या संध्याकाळी गटातल्या एका धाकट्या सुनेने हेड साफ करायचं बटण दाबलं होतं. झालं! सगळ्यांनी ठरवून टाकलं, हिनेच बिघडवलं. मी पण त्यात होते. ती काही बोलली नाही, पण पुढच्या दोन बैठकांना आली नाही.

आता बिघाडाकडे येते. प्रिंटर नीट छापत नसला की आपण म्हणतो, "शाई अडकली." पण बिघाड दोन जातींचा असतो. एक शाईचा, एक विजेचा. दोन्हींचा उपाय वेगळा. शाईचा उपाय विजेच्या बिघाडाला केला, तर होतं ते नुकसान वाढतं.

ओळखायचं कसं? नोझल चेकचा कागद काढायचा. त्यात प्रत्येक रंगाच्या बारीक बारीक रेघा येतात.

रेघा मध्ये मध्ये तुटल्या, एकदा सफाई केल्यावर तुटलेली जागा बदलली किंवा कमी झाली, तर तो शाईचा दोष. नळीत हवा गेली असेल, नाहीतर शाई सुकली असेल.

एकच रंग पूर्ण गायब असेल, तरी आधी शाईच बघा. टाकी रिकामी आहे का, टाकीवरचं हवेचं बूच काढलंय का, नळी कुठे दबलीय का.

पण काल सगळे रंग छान येत होते आणि आज सगळेच एकदम गेले, तर थांबा. सगळे रंग एका रात्रीत एकदम सुकत नाहीत. तिथे विजेचा संशय घ्यायचा. तसंच न सांगता एखाद्या रंगाचा जाड पट्टा कागदभर उमटायला लागला, किंवा प्रिंटर चालूच होत नाही, किंवा चालू होऊन लगेच सगळे दिवे लुकलुकतात, तेव्हाही तेच.

हे का होतं ते मला दुसऱ्या मेकॅनिकने समजावलं. आपल्या या प्रिंटरच्या हेडमध्ये तापणारी तार नसते. बारीक स्फटिकाच्या पट्ट्या असतात. वीज दिली की पट्टी किंचित वाकते आणि शाईचा थेंब बाहेर ढकलते. ही वीज बोर्डावरून येते. आमच्या मशीनच्या पॉवर सप्लायवर ४२ व्होल्ट लिहिलंय. बोर्डावरच्या दोन ट्रान्झिस्टरची जोडी त्या विजेची लाट तयार करते आणि ती चपट्या पांढऱ्या पट्टी-केबलमधून हेडपर्यंत जाते. त्याच केबलमध्ये शेजारच्या तारांतून अगदी कमी व्होल्टचे निरोपही जातात, की कुठल्या छिद्रातून थेंब टाकायचा. आता त्या केबलच्या टोकावर शाईचा एक थेंब पडला, तर काय होईल? शाईतून वीज वाहते. मोठ्या व्होल्टची वीज छोट्या तारेत शिरते. मग हेडची चिप जळते, नाहीतर बोर्डावरचा फ्यूज जातो, ट्रान्झिस्टर जातो. कधी सगळंच.

आम्हाला हे माहीत नव्हतं. कोरा कागद आला म्हणून आम्ही सात-आठ वेळा सफाई केली. शाई वाया गेली, ओल वाढली. मग तालुक्याच्या मेकॅनिककडे नेलं. त्याने बोर्ड जळालाय म्हणून नवीन बोर्ड बसवला, जुनं हेड तसंच जोडलं. चालू केलं, एक बारीक "टक" झालं आणि नवा बोर्डही गेला. हेडमध्ये शॉर्ट होता, त्यानेच पहिला बोर्ड खाल्ला होता आणि दुसराही खाल्ला. गटाच्या कर्जातून घेतलेले पैसे एका मिनिटात गेले.

म्हणून आता आम्ही भिंतीवर पायऱ्या लिहून लावल्यात. त्याच सांगते.

पहिली पायरी. विजेचा संशय आला की सफाई बंद. पुन्हा पुन्हा बटण दाबायचं नाही, सिरिंजने पाणी मारायचं नाही.

दुसरी. आधी बटणाने बंद करायचं, मग पिन भिंतीतून काढायची आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. पिन काढल्यावरही आत थोडा वेळ वीज साठलेली असते. पॉवर सप्लायचा डबा आपण उघडायचाच नाही. चालू मशीनमध्ये हेडची केबल काढणं किंवा घालणं म्हणजे हेड मारणं.

तिसरी. काही काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढायचा. कुठली नळी कुठे, कुठली केबल कशी.

चौथी. झाकण उघडून टॉर्चने केबलचं टोक बघायचं. शाईचा डाग आहे का, काळं पडलंय का, हिरवट चढलंय का. डाग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे मेकॅनिक ज्याला आयपीए म्हणतात, ते धागे न सुटणाऱ्या कापडाला लावून हलक्या हाताने पुसायचं. केबलही आणि ती जिथे बसते ती जागाही. पाण्याने नाही, थुंकी लावून तर मुळीच नाही. हसू नका, आम्ही केलंय! मग पंख्याखाली पूर्ण वाळू द्यायचं. टोक जळून काळं झालं असेल, तर पुसत बसू नका, केबल बदला. हेड आणि बोर्डापुढे केबलची किंमत काहीच नाही.

पाचवी. केबल सरळ आणि पूर्ण आत बसली पाहिजे. जराशी तिरकी बसली, तर दोन तारा एकमेकींना लागतात आणि पुन्हा शॉर्ट.

सहावी. पिन काढलेली असतानाच मल्टिमीटरने बोर्डावरचा फ्यूज तपासायचा. बीप वाजला तर फ्यूज ठीक. वाजला नाही, तर गेला. पण फ्यूज गेला म्हणून तिथे तार जोडायची नाही. फ्यूज उगाच जात नाही, तो कशामुळे गेला ते शोधायचं. ट्रान्झिस्टर आणि हेड तपासणं मेकॅनिकचं काम आहे, ते त्याच्यावर सोडा. पण त्याच्यासमोर उभं राहून हे एक वाक्य म्हणा: "दादा, आधी हेडमध्ये शॉर्ट आहे का बघा, मगच नवा बोर्ड लावा." उलटंही तसंच. बोर्ड तपासल्याशिवाय नवं हेड लावू द्यायचं नाही. आणि काढलेले जुने पार्ट परत मागून घ्या.

आता मुख्य गोष्ट. केबलवर शाई आली कुठून? दुसऱ्या मेकॅनिकने हेड उघडून दाखवलं. जिथे नळीची शाई हेडमध्ये उतरते, त्या जोडापाशी शाई झिरपून वर केबलपर्यंत गेली होती. त्याने विचारलं, "टाक्या कुठे ठेवता?" मी म्हटलं, "फळीवर." पूर्वी टाक्या प्रिंटरशेजारी टेबलावरच असायच्या. मीच त्या उचलून वरच्या फळीवर ठेवल्या होत्या. मला वाटलं, पाण्याच्या टाकीसारखं आहे, उंच ठेवली की शाई जोरात येईल. शाई जोरातच आली, पण नको तिथे. टाकी हेडपेक्षा उंच असली, की शाई सतत दाबाने खाली येते आणि जोडातून, छिद्रांतून झिरपते. टाक्या प्रिंटरच्या बुडाच्या पातळीतच पाहिजेत.

म्हणजे बिघाड मी केला होता. त्या पोरीने तर नुसतं पुस्तकात सांगितलेलं बटण दाबलं होतं.

बहिणींनो, हे कळल्यावर मला दोन रात्री झोप लागली नाही. बोर्डाचे पैसे गेले, ते हळूहळू भरून येतील. वाणाची ऑर्डर आम्ही तालुक्यातून छापून आणून पूर्ण केली. नफा शून्य, पण शब्द राखला. पण गटात एका बाईवर खोटा आळ आला, तो कुठल्या खात्यात भरायचा? पुढच्या बैठकीला मी तिच्या घरी जाऊन तिला घेऊन आले. सगळ्यांसमोर चूक माझी आहे असं सांगितलं आणि लिपिकाताईंना ते इतिवृत्तात लिहायला लावलं. आज आमचं मशीन तीच सांभाळते. मल्टिमीटर धरायला तिनेच मला शिकवलं.

त्या दिवसापासून मशीनपाशी एक वही आहे. कर्जाची वही असते तशीच. तारीख, कोणी चालवलं, शाई किती भरली, सफाई केली का, काही हलवलं का. आठवड्यातून एकदा नोझल चेकचा कागद काढून त्यात चिकटवायचा. ही वही कोणाला पकडायला नाही. ती वही तेव्हा असती, तर "टाक्या फळीवर ठेवल्या" ही ओळ माझ्याच अक्षरात सापडली असती आणि दुसरा बोर्ड वाचला असता.

आणखी एक ठराव केलाय. प्रत्येक ऑर्डरमधून थोडी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला. आधी ती रक्कम काढायची, मग नफा वाटायचा.

घरी गेल्यावर ज्यांच्याकडे असा प्रिंटर आहे, त्यांनी आजच टाक्या कुठे ठेवल्यात ते बघा. उंच असतील तर खाली घ्या. आणि मशीन बंद पडलं, तर "कोणी केलं" हे विचारायच्या आधी "काय झालंय" हे विचारा.

माझं बोलणं संपलं.